कम्पायलर उडवल्यावर वाचावं असं तीन पानी व्याख्यान

केन थॉम्पसन यांचं ‘रिफ्लेक्शन्स ऑन ट्रस्टिंग ट्रस्ट’ मी एमएस्सीला असताना वाचलं होतं आणि ‘भारी आहे’ म्हणून सोडून दिलं होतं. ते खऱ्या अर्थाने कळलं मागच्या महिन्यात, स्वतःच्या हाताने मशीनवरचा कम्पायलर उडवल्यावर.

झालं असं. उबुंटूवर डिस्क भरत आली होती, म्हणून नको असलेली पॅकेजेस काढत होते. माझा सी++ कोड कोंडातला कम्पायलर वापरतो अशी माझी पक्की समजूत होती, तेव्हा सिस्टिमचा जीसीसी कशाला हवा? ‘एपीटी रिमूव्ह’ केलं, समोर आलेली यादी न वाचता ‘वाय’ दाबलं, वर ‘ऑटोरिमूव्ह’ही केलं. जी++ आणि बिल्ड-इसेन्शियलसुद्धा गेले. कोंडात कम्पायलर मी कधी बसवलाच नव्हता, हे नंतर कळलं.

एपीटीने मोठी धोक्याची सूचना दिली नाही, कारण त्याच्या लेखी जीसीसी अत्यावश्यक पॅकेज नाही. ते बरोबरच आहे. तयार प्रोग्रॅम चालायला कम्पायलर लागत नाही. माझं सिम्युलेशनही निवांत चालू होतं. फक्त त्यातली एक ओळ बदलून पुन्हा बांधता येत नव्हतं, आणि रिव्ह्यूअरने नेमका तोच बदल मागितला होता.

तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरून मशीन फॉरमॅट करू नका. एपीटीच्या लॉगमधली ‘हिस्टरी’ फाइल उघडा. कोणत्या आज्ञेने कोणती पॅकेजेस गेली आणि त्यांच्या आवृत्त्या काय होत्या, ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. त्या यादीप्रमाणे पुन्हा बसवा. इंटरनेट नसेल तर तीच उबुंटू आवृत्ती आणि त्याच प्रकारचा प्रोसेसर असलेल्या दुसऱ्या मशीनवर डेब फाइली उतरवून घ्या, पेनड्राइव्हने आणा आणि डीपीकेजीने बसवा. एक सावधगिरी मात्र हवी. नावात जीसीसी दिसतंय म्हणून ‘लिबजीसीसी’ला हात लावू नका. ती चालू प्रोग्रॅमना लागणारी लायब्ररी आहे. ती गेली तर खुद्द एपीटीही चालणार नाही.

मी मात्र आधी शहाणपणा केला. जीसीसीचा सोर्स उतरवला, म्हटलं आपणच बांधू. पहिल्याच पायरीवर उत्तर आलं: कम्पायलर सापडत नाही. जीसीसी 4.8 पासून तो बांधायलाच सी++ कम्पायलर लागतो. सगळा सोर्स हातात, आणि उपयोग शून्य!

थॉम्पसन यांचं म्हणणं इथेच सुरू होतं. 1983 च्या ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेलं हे व्याख्यान 1984 मध्ये छापून आलं. त्यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण अगदी साधं आहे. सी भाषेत ‘व्हर्टिकल टॅब’ या चिन्हाची नवी खूण आणायची, तर कम्पायलरला पहिल्यांदा सांगावं लागतं की त्याचा अंक 11. एकदा तसा कम्पायलर बांधला की सोर्समधून 11 पुसून तिथे ती खूणच लिहिता येते. आता 11 हे ज्ञान सोर्समध्ये कुठेच नाही, फक्त बायनरीत आहे, आणि पिढ्यानपिढ्या पुढे जातं. मग याच वाटेने चोरदरवाजाही पुढे जाऊ शकतो: लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये शिरणारा, सोर्स कितीही वाचला तरी न दिसणारा.

मांडणी अप्रतिम आहे. निष्कर्षाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. जो कोड पूर्णपणे स्वतः लिहिलेला नाही त्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं ते म्हणतात. पण पूर्णपणे स्वतः लिहिलेला कोड कुणाकडे असतो? शेवटी तर ते संगणकात घुसणाऱ्या पोरांकडे आणि त्यांचं कौतुक करणाऱ्या वृत्तपत्रांकडे वळतात, आणि ‘मग तपासायचं कसं?’ हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचं चांगलं उत्तर एका पीएचडी प्रबंधात आहे, म्हणून तुम्ही तो जरूर वाचा. डेव्हिड व्हीलर यांनी 2009 च्या प्रबंधात दुहेरी तपासणी मांडली. संशयित कम्पायलरचा सोर्स दुसऱ्या, वेगळ्या कम्पायलरने बांधायचा. त्यातून निघालेल्या कम्पायलरने तोच सोर्स पुन्हा बांधायचा आणि शेवटची फाइल मूळ बायनरीशी बिट-बिट ताडून पाहायची. दुसरा कम्पायलर निर्दोष असण्याची गरज नाही; त्यात तोच चोरदरवाजा नसला की पुरे. विश्वास संपत नाही, पण तो एकाच ठिकाणी अडकून राहत नाही. आपण प्रयोग दुसऱ्या उपकरणावर करून पाहतो, त्यामागचा विचार हाच.

माझं काय झालं? जुन्या एक्झिक्युटेबलचा ‘कॉमेंट’ विभाग रीडएल्फने वाचला, तर त्यावर जीसीसी 11.2 ची नोंद. नव्याने बसला होता 11.4. पेपरमधला आलेख कोणत्या कम्पायलरवर आला हे मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. मग न बदललेला कोड 11.4 ने बांधून ताडला. पण दोन्ही जीसीसी म्हणजे एकाच घरातले साक्षीदार, म्हणून क्लँगनेही बांधला. इथे व्हीलर यांची कसोटी जशीच्या तशी लागू होत नाही. दशांश आकडेमोडीत शेवटचे अंक कम्पायलरप्रमाणे हलतात, त्यामुळे बिट-बिट जुळणीचा हट्ट धरता येत नाही; एरर बारच्या आत जुळतंय का ते पाहायचं. जुळलं, तेव्हाच रिव्ह्यूअरला उत्तर पाठवलं.

नसतं जुळलं तर पेपर मागे घ्यायची वेळ आली असती, आणि कम्पायलर उडाला नसता तर मी हे तपासलंही नसतं. तेव्हा आजच एक काम करा: तुमच्या निकालांच्या फोल्डरमध्ये कम्पायलरचं नाव, आवृत्ती आणि दिलेले पर्याय एका साध्या फाइलीत लिहून ठेवा.