घोड्यांनी प्यायलेला समुद्र

नाशिककराला समुद्र बघायचा असला की तो डहाणू, दमण किंवा अलिबाग गाठतो. मीही तेच करत आलो. पण या किनाऱ्याबद्दलचे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे दोन मजकूर माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, पांडवलेण्यांत कोरलेले आहेत. ते मी नीट वाचले ते एका जहाजामुळे.

२९ डिसेंबर २०२५ रोजी ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज पोरबंदरहून मस्कतला निघालं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बेतलेलं हे जहाज. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत. शिडं चौकोनी, आणि दिशा सांभाळायला सुकाणूची वल्ही. ते दिवस मी फोनवर या प्रवासाच्या मागे होतो. पण माझ्या फोनवर जे येत होतं त्यात जहाज कमी आणि ‘वैभव’, ‘वारसा’, ‘समुद्रावरचं राज्य’ हे शब्द जास्त होते. फळ्या शिवणारे बाबू शंकरन आणि केरळचे कारागीर यांची नावं शोधावी लागत होती. समुद्राबद्दल लिहायला बसलं की आपल्याला लगेच राजे का आठवतात, हा प्रश्न घेऊन मी लेण्यांच्या पायऱ्या चढलो.

तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष चालू आहे आणि ही आजी आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगते आहे. त्यात एक विशेषण येतं: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा तो राजा. प्रतिमा जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण जरा थांबून बघा. खारं पाणी घोडा पीत नाही. या समुद्रात होडी नाही, वारा नाही, माणूस नाही. इथे समुद्र म्हणजे राज्याची हद्द. घोड्यांनी तोंड लावलं आणि ती आपली झाली.

आता दहाव्या लेण्यात या. हा लेख उषवदाताचा, म्हणजे क्षहरात राजा नहपानाच्या जावयाचा. प्रतिमा जवळपास नाहीतच, नुसती यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि सोपारा इथे बांधलेल्या धर्मशाळा, विहिरी, तळी. आणि मग नद्या: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डाहनुका. या नद्यांवर त्यानं लोकांना फुकट पार करणाऱ्या होड्या ठेवल्या. दोन्ही काठांवर सावलीची आणि पिण्याच्या पाण्याची सोय केली.

मला हे ‘दोन्ही काठांवर’ फार महत्त्वाचं वाटतं. किनाऱ्यानं चालणाऱ्या माणसाची अडचण यात कळते. कोकण आणि दक्षिण गुजरातचा किनारा नद्या आणि खाड्यांनी कापलेला आहे. दर काही कोसांवर पाणी आडवं येतं, भरती-ओहोटीची वाट बघावी लागते. होडी पलीकडे असेल तर अलीकडे तहानलेलं बसावं लागतं. हे ज्याला माहीत आहे त्याच्याच मनात दुसऱ्या काठाचा माठ येतो. आणि यातल्या पार व दमणगंगा या नद्या उगम पावतात त्या आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या डोंगरात. नाशिकला समुद्र नाही हे म्हणणं तितकंसं खरं नाही.

हे दोन्ही मजकूर एकमेकांचे वैरी आहेत, हेही विसरायला नको. बलश्रीच्या लेखात मुलाच्या ज्या पराक्रमाचा अभिमान आहे, तो म्हणजे क्षहरातांचा वंश निखंदून काढणं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपले छाप मारलेले आहेत. आपल्या लेखनातही तेच झालं, असं माझं म्हणणं आहे. होडीच्या मजकुरावर घोड्याचा छाप बसला.

तिसरा मजकूर बाहेरचा आहे. ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतलं दर्यावर्दी व्यापाऱ्याचं टिपण साधारण त्याच काळातलं. त्यात भरुकच्छची खाडी किती धोक्याची, भरती कशी अंगावर येते हे आहे. राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि परकी जहाजं सुखरूप आत आणत, हेही आहे. कल्याणला लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भरुकच्छला नेलं जाई, हेसुद्धा. राजांचं भांडण खलाशाला कसं भोवतं, ते यात दिसतं.

मग उषवदात चांगला आणि बलश्री वाईट, असा निकाल द्यायचा का? तसं नाही. उषवदाताच्या त्याच यादीत, होड्या आणि विहिरींच्या ओळीत, प्रभासला ब्राह्मणांना आठ बायका दान दिल्याचीही नोंद आहे. त्या आठजणींना नाव नाही. नावाड्यांनाही नाही. यादी प्रामाणिक वाटते म्हणून ती निष्पाप होत नाही. तीही दात्याची जाहिरातच आहे. उलट बलश्रीच्या लेखात निदान एक बाई स्वतःच्या नावानं बोलते आहे.

तरीही लिहिणाऱ्यानं शिकायचं कुणाकडून, हे विचारलंत तर मी दहाव्या लेण्याकडे बोट दाखवीन. तुमच्यापैकी कुणी उद्या शिडाच्या जहाजातून जाईल, मालवण ते रत्नागिरी का होईना. त्याबद्दल लिहाल, रील कराल. तेव्हा काथ्या कुणी वळला ते सांगा. वारा पडल्यावर काय खाल्लं, कुणाला उलट्या झाल्या, खाडीच्या तोंडाशी वाट कुणी दाखवली ते सांगा. आणि दगडातल्या यादीत जी नावं राहून गेली, तशी तुमच्या मजकुरात राहू देऊ नका. सुकाणू धरणाऱ्याला त्याचं नाव विचारा आणि त्याची हरकत नसेल तर ते लिहा.

लेण्यांतून उतरताना खाली महामार्गावर मुंबईकडे जाणारे ट्रक दिसतात. सोपाऱ्याकडे जाणारा माल याच बाजूनं घाट उतरत असणार. पायथ्याशी एका मावशींच्या गाडीवर मी पाणी मागितलं. त्यांनी पेला भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत.