भूत आणि भूतकाळ

कलावंताने ऐन उमेदीत स्वतःच्या कृतींची निवड करून ती रसिकांपुढे ठेवावी, यात एक प्रकारचे धाडस असते. स्वतंत्र संग्रहात जे दोष उत्साहाच्या भरात झाकले जातात, ते निवडीत उघडे पडतात. आणि ज्याला आपण वैविध्य समजत होतो ते एकाच सुराचे पुनरावर्तन तर नव्हे, हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकन गायक रॉब झॉम्बी याचे ‘पास्ट, प्रेझेंट अँड फ्यूचर’ हे २००३ मधील संकलन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य असा या शीर्षकाचा अर्थ. आपल्या भाषेत ‘भूत’ या शब्दाला आणखीही एक अर्थ आहे आणि या कलावंताच्या बाबतीत ते दोन्ही अर्थ वेगळे करता येत नाहीत, हीच त्याच्या कलेची खरी गोम होय.

१९६५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हेव्हरिल येथे जन्मलेल्या रॉबर्ट कमिंग्ज याने १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘व्हाइट झॉम्बी’ हा वाद्यवृंद उभा केला. हे नावच मुळी १९३२ च्या, बेला लुगोसीची भूमिका असलेल्या एका भयपटाचे. १९९८ मध्ये हा वृंद विसर्जित झाला आणि त्याच वर्षी झॉम्बीचा पहिला स्वतंत्र संग्रह ‘हेलबिली डिलक्स’ प्रसिद्ध झाला. या दोन्ही कालखंडांतील रचना प्रस्तुत संकलनात स्थूलमानाने कालक्रमाने येतात. गिटारचे जड आघात, यंत्रवत ठोके आणि जुन्या चित्रपटांतील संवादांचे तुकडे यांच्या मिश्रणातून सिद्ध झालेली ही शैली ‘इंडस्ट्रियल मेटल’ या नावाने ओळखली जाते.

या रचनांची उगमस्थाने पाहिली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ‘ड्रॅग्युला’ हे नाव १९६४ ते १९६६ या काळात दाखविल्या गेलेल्या ‘द मन्स्टर्स’ या विनोदी दूरचित्रवाणी-मालिकेतील मोटारीचे आहे. ‘लिव्हिंग डेड गर्ल’ हे शीर्षक झाँ रोलाँ यांच्या १९८२ च्या फ्रेंच चित्रपटाचे. त्या गीताची चित्रफीत मात्र १९२० च्या ‘डॉ. कॅलिगरी’ या जर्मन मूकपटाच्या धर्तीवर बेतलेली. ‘मोअर ह्यूमन दॅन ह्यूमन’ या शब्दांचे मूळ ‘ब्लेड रनर’मध्ये आहे. म्हणजे येथे भय साक्षात अनुभवातून आलेले नाही. ते पडद्यावर आधीच पाहिलेले आहे. भरताने बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती मानली. झॉम्बीच्या रचनांत बीभत्साची सामग्री विपुल आहे. परंतु तिची परिणती भयानकात न होता बहुधा हास्यात आणि अद्भुतात होते.

मग ही कला उसनी, म्हणून हीन, असे म्हणावे काय? असा निर्णय उतावीळपणाचा ठरेल. चित्राचे नादात रूपांतर करणे हाही एक प्रकारचा अनुवादच; आणि अनुवादाची कसोटी मूळ सामग्री कोणाची यावर नव्हे, तर नव्या माध्यमात तिला स्वतःचा प्राण लाभला की नाही यावर असते. बालपणी पडद्यासमोर बसून अनुभवलेली भीतीची गोडी ‘ड्रॅग्युला’त धावत्या ठोक्याचे रूप घेते, तेव्हा हा प्राण निःसंशय लाभलेला असतो.

खरा आक्षेप दुसराच आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन प्रकार सांगितले. या संकलनात संवादलय उदंड आहे, विरोधलय विरळ. एकेका गीतात दीपवून टाकणारी युक्ती सलग श्रवणात सवय होऊन बसते, आणि सवय हा भयाचा सर्वांत मोठा शत्रू होय. म्हणूनच ‘ब्रिक हाउस’ या १९७७ मधील नृत्यगीताच्या नव्या रूपात मूळ वृंदातील लायोनेल रिची याचाच मुलायम स्वर अवतरतो, तेव्हा श्रोता दचकतो. अपेक्षित राक्षसापेक्षा अनपेक्षित मार्दव अधिक अस्वस्थ करते, हा धडा या संकलनाने स्वतःच दिला. पण तो पुरेसा गिरविला नाही.

शेवटी ‘भविष्या’चे काय? अखेरच्या नव्या रचनांपैकी एकीचे नाव ‘टू-लेन ब्लॅकटॉप’. तेही १९७१ च्या एका चित्रपटाचे! भविष्याच्या दारावरही भूतकाळाचीच पाटी. मात्र याच २००३ मध्ये, तीन वर्षे रखडलेला त्याचा पहिला चित्रपट ‘हाउस ऑफ १००० कॉर्प्सेस’ प्रदर्शित झाला. आणि पुढे २०२२ मध्ये त्याने ‘द मन्स्टर्स’ याच नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. ज्या पडद्यावरून त्याने ती मोटार उचलली होती, त्याच पडद्यावर तो ती घेऊन परतला. या संकलनाला भविष्याचे दर्शन घडविता आले नाही. परंतु झॉम्बीची स्मृती कोणत्या घराकडे ओढ घेत होती, याची खूण त्यात स्पष्ट उमटली आहे. निवडीच्या ग्रंथाकडून याहून अधिक प्रामाणिक साक्ष क्वचितच मिळते.