क्लेमंट डाउनिंगचा कुलाबा-वृत्तान्त : एक परीक्षण

क्लेमंट डाउनिंग ह्या इंग्रज दर्यावर्द्याचा हिंदुस्थानांतील युद्धांचा इतिहास १७३७ सालीं लंडनांत छापला गेला. विल्यम फॉस्टर ह्यांनीं त्याची संपादित आवृत्ति १९२४ त काढली. १७२१ च्या कुलाब्याच्या मोहिमेंत लेखक स्वतः हजर असल्यानें ग्रंथास मोल आहे. परंतु साक्षीदार निराळा आणि न्यायाधीश निराळा, हा विवेक त्याच्या वाचकांनीं नेहमींच राखलेला नाहीं.

कान्होजी आंग्र्यांविरुद्ध मुंबईकर इंग्रज व गोंवेकर पोर्तुगीज ह्यांनीं जूट केली. कमोडोर टॉमस मॅथ्यूज इंग्लंडच्या राजाचीं चार जहाजें घेऊन आला. पोर्तुगीज विजरई जातीनें मोहिमेंत होता. हल्ला फसला, बाजीराव पेशवे घोडदळासह येऊन पोंचले आणि पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं स्वतंत्र तह उरकला. ह्यास इंग्रज वृत्तान्त दगा म्हणतात. आमच्या मतें हा निर्णय टिकत नाहीं. मुंबई हें बेट. त्याची चिंता गलबतांची. उलट वसई-चौलकडील पोर्तुगीज मुलुख जमिनीवरून मराठ्यांस भिडलेला. समुद्रावर शत्रु एक असला तरी जमिनीवरील भय सारखें नव्हतें. ज्या घोडदळाचा मुंबईस फारसा धाक नव्हता, त्यानेंच पोर्तुगीजांस तहास आणलें. तें भय खोटें नव्हतें, हें १७३९ त वसई पडली तेव्हां दिसून आलें.

ह्याच मॅथ्यूजकडे १७४२ त भूमध्य समुद्रांतील इंग्रज आरमाराचें आधिपत्य आलें. फेब्रुवारी १७४४ त तुलोंपुढें फ्रेंच व स्पॅनिश ह्यांच्या संयुक्त आरमाराशीं गांठ पडली असतां त्याचें आपल्याच दुय्यम सरदाराशीं, लेस्टॉकशीं, जमलें नाहीं. शत्रु निसटला आणि १७४७ त लष्करी न्यायसभेनें मॅथ्यूजला बडतर्फ केलें. तिकडे फ्रेंच व स्पॅनिश हे मित्रही परस्परांस दूषणें देऊं लागले. एवढ्यावरून कुलाब्याचा दोष मॅथ्यूजच्या माथीं मारणें योग्य नव्हे. पण एका दोस्ताच्या कागदावरून दुसऱ्या दोस्ताचा न्याय करूं नये, एवढें तरी त्यावरून शिकावें.

संशोधकांनीं आणखी एक सावधगिरी बाळगावी. १७५२ पर्यंत इंग्रज जुनी कालगणना पाळीत, पोर्तुगीज नवी. दोहोंत त्या काळीं अकरा दिवसांचें अंतर होतें. म्हणून ९ जानेवारी १७२२ चा तह इंग्रजी गणनेनें २९ डिसेंबर १७२१ चा ठरतो. हें न जाणतां दोन्हीकडील कागद जोडल्यास घटनांचा क्रमच उलटा होईल.

हा विषय केवळ कोंकणचा नव्हे. सुरत-बऱ्हाणपूर ही व्यापाराची वाट नंदुरबारावरून जात असे. समुद्रावरील भयाची झळ त्या वाटेवरील पेढ्यांस लागणें संभवनीय आहे. तेथील जुन्या घराण्यांच्या रुमालांत ह्या सालांचीं पत्रें असल्यास संग्राहकांनीं तीं मितीसह प्रसिद्ध करावींत. डाउनिंगची साक्ष पारखण्यास तिऱ्हाइताचा कागद हवा आहे.