शिक्षकाजवळ मन मोकळे होते काय? : ‘सेहर’ प्रयोगाची चिकित्सा

गोव्यातील ‘संगाथ’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ हा प्रयोग केला. उर्दूत सहर म्हणजे पहाट. नाव सूचक आहे. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. किशोरांच्या मानसिक आरोग्यशिक्षणाच्या चर्चेत ते उद्धृत होतात, परंतु त्यांचे वाचन बहुधा अर्धवट होते.

७४ शाळांचे तीन गट होते. ‘तरंग’ हा शासकीय जीवनकौशल्य कार्यक्रम सर्वत्र होता. एका गटात त्यापलीकडे काहीच नव्हते. दुसऱ्यात प्रत्येक शाळेला स्वतंत्र ‘सेहर मित्र’ मिळाला, जो मानसोपचाराचा तज्ज्ञ नव्हता. तिसऱ्यात तेच काम शाळेतल्या एका शिक्षकाकडे आले. परिपाठातील उद्बोधन, भित्तिपत्रक, मुलांनी मनातले लिहून टाकण्याची पेटी, नववीच्या कार्यशाळा आणि गरजूंना समुपदेशन असे त्याचे स्वरूप. मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे व दांडगाई घटली. १७ महिन्यांनंतर फरक अधिकच ठळक झाला. शिक्षकांच्या गटाच्या पदरी जवळजवळ काहीच पडले नाही.

यावरून ‘शिक्षकाला हे जमत नाही’ असा निवाडा देणे घाईचे ठरेल. मित्र याच कामासाठी होता. शिक्षकाचे तास व वह्या सुटल्या नव्हत्या. शिवाय जो सकाळी गैरहजेरीबद्दल उभे करतो आणि वर्षाअखेर गुण देतो, त्याच्याजवळ घरातली भांडणे कोण सांगेल? अपयश वेळेअभावी आले की दुहेरी भूमिकेमुळे, हे या रचनेतून वेगळे काढता येत नाही. प्रयोगाची ही मोठी उणीव होय. मोजमापही मुलांच्याच उत्तरांवर उभे आहे, आणि आपल्या शाळेत मित्र आहे हे त्यांना ठाऊक असणारच.

तरीही २०२० मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांवरच ही जबाबदारी टाकली. मानसिक आरोग्य हा त्यातील अकरा विषयांपैकी एक. शक्यतो एक शिक्षिका असावी ही सूचना समंजस आहे. मुली तिच्याशी बोलण्याची शक्यता अधिक. पण नेमणुकीचा खर्च वाचला, तो शिक्षकाच्या वेळातून वसूल होणार. अध्यापक महाविद्यालयांनी प्रशिक्षण देताना व्याख्यानांपेक्षा दोन गोष्टींवर भर द्यावा : ऐकलेले शिक्षक-कक्षात न बोलणे, आणि मूल जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे केव्हा पाठवायचे हे ओळखणे. तासिका किती कमी करायच्या, ते मात्र मुख्याध्यापकांना वेळापत्रक लावतानाच ठरवावे लागेल.