अवघड, गैरसोयीचं, अशक्य

बँकेत कागदाला दोनच गती ठाऊक असतात. वर जाणं आणि शेरा घेऊन खाली येणं. आधी साताऱ्यात नि मग बदली होऊन सांगलीत, वीसेक वर्षं हेच पाहिल्यामुळे ब्राह्म्स आणि जोआखिम यांचा पत्रव्यवहार वाचताना मला परकं असं काही वाटलंच नाही. पाश्चात्त्य संगीत मला बेताचंच कळतं. पण मंजुरीला पाठवलेला कागद मी लांबून ओळखतो.

१८७८ च्या ऑगस्टात ब्राह्म्स ऑस्ट्रियात पोर्टशाखला तळ्याकाठी बसून व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहीत होता. गडी पियानोवाला. म्हणून व्हायोलिनचा भाग त्याने जोआखिम या नामांकित वादक मित्राकडे धाडला आणि कळवलं, की बाबा रे, भीड न धरता लिही: हे अवघड, हे गैरसोयीचं, हे अशक्य. किती स्वच्छ शेरे! आमच्याकडे चौथाही असतो, ‘चर्चा करावी’. तो पडला की कागद त्या जन्मी सुटत नाही.

जोआखिमने मनापासून खुणा केल्या. ब्राह्म्सने काही घेतल्या, बऱ्याच तशाच सोडल्या. इथे मी ब्राह्म्सच्या बाजूचा आहे. बोटांना सोयीचं तेवढंच ठेवलं असतं, तर रचना गुळगुळीत झाली असती आणि विसरलीही गेली असती. त्याने स्वतःहून मात्र मोठी काटछाट केली. चार भागांची योजना होती. मधले दोन काढून एक संथ भाग घातला. त्या भागाची मुख्य चाल ओबोकडे जाते. ती ओबो वाजवत असताना आपण व्हायोलिन धरून नुसतं उभं राहायचं का, असं सारासाते म्हणाला म्हणतात. मला तर तीच जागा सर्वांत आवडली. मुख्य पाहुण्याने दोन मिनिटं गप्प बसावं, हे आपल्याकडे कुठे पाहायला मिळतं? एकट्याने खुलवायची ‘काडेन्झा’ची जागा मात्र त्याने बिनशर्त जोआखिमवर सोपवली. १ जानेवारी १८७९ ला लाइपझिगमध्ये पहिला प्रयोग झाला, जोआखिम वाजवायला, ब्राह्म्स संचालनाला.

आपल्याकडे हे टपालखर्चाचं काम नव्हे. सांगलीच्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ला १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्या समोर बसवून. बालगंधर्व मग त्या रोज नव्याने फुलवायचे. दुरुस्ती गळ्यातच व्हायची, कागदावर डाग नाही. सोय मोठी, पण कोणी काय सुचवलं आणि कोणी काय नाकारलं, ते आज कुणाला विचारणार?

कागद मात्र उलटतोही. जोआखिमला बायकोचा आणि प्रकाशक झिमरॉकचा संशय आला. ब्राह्म्सने १८८० मध्ये तिला पत्र लिहिलं, तुमचा काही दोष नाही म्हणून. ते तिने कोर्टात पुराव्याला लावलं. झालं! स्वरांवरचे शेरे हसून घेणाऱ्या दोघांचं बोलणं तुटलं. जोआखिम ब्राह्म्सच्या रचना वाजवत राहिला, हे त्याचं मोठेपण. पण घरोबा गेला तो गेलाच.

१८८७ मध्ये ब्राह्म्सने व्हायोलिन आणि चेलो यांचा जोड-कॉन्चेर्टो लिहिला. माफीबिफी काही नाही. जोआखिमला सरळ कळवलं, अशी अशी रचना केली आहे, आणि व्हायोलिनचा भाग पुन्हा त्याच्याच टेबलावर गेला, शेऱ्यासाठी.