तारप्याचा फेर आणि सावकाराची चोपडी

झरीच्या सभेवर आपली पोरं नाटक बसवतायत. तालीम अजून अर्ध्यावर, पण पोस्टरची तीन कच्ची चित्रं आताच हातोहात फिरतायत. नाटकावर नंतर लिहीन. आधी या तीन कागदांवर. दोस्तहो, कच्च्या चित्रातच नाटकवाल्याची नजर उघडी पडते. रंग भरला की सगळं झाकलं जातं.

२३ मे १९४५. झरी, आजचा तलासरी तालुका. पाचेक हजार वारली जमले आणि यापुढं वेठ करायची नाय, असं ठरवून उठले. किसान सभा, गोदावरी आणि शामराव परुळेकर, लाल बावटा. गोदाताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आलं, १९७२ ला त्याला साहित्य अकादमी मिळालं. ज्यानं वाचलं नसेल त्यानं पोस्टरवर बोलू नये. १९४५ च्याच १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार. गोदाताई येणार अशी खोटी आवई उठवली, माणसं धावली आणि पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. जेठ्या गांगड पडला, त्याच्यासंगट आणखी चौघं. एवढं सामान नाटकात आहे. पोस्टरात किती उतरलं?

पहिलं चित्र. गेरूचा रंग, त्यावर पांढरा तारप्याचा फेर. मधे वाजवणारा, भोवती हातात हात घातलेली त्रिकोणी माणसं. देखणं आहे. पण हाच फेर साडीवर आहे, चहाच्या कपावर आहे, लग्नपत्रिकेवर आहे, डहाणूच्या रिसॉर्टच्या भिंतीवर आहे. तलासरीच्या बाजारात हे लावलं तर माणूस समजेल कुठलातरी पर्यटन महोत्सव आलाय. आणि ही माणसं कंप्युटरातून उचललेली, सगळी एका ठशाची. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (२०११ ला पद्मश्री, २०१८ ला गेले) मासेमारीचं जाळं काढायचे तर ती बारीक रेघ कागदभर हलायची. इथं रेघ मेलेली आहे. नाचतायत, पण कुणी नाचत नाय.

दुसऱ्यात मूठ, तुटलेली साखळी, मागं सूर्य. यावर फार लिहीत नाय. ही मूठ कुठल्याही संपाला चालेल, कुठल्याही मोर्च्याला चालेल, म्हणून या नाटकाला चालणार नाय. आपल्या कवितेतला सूर्यसुद्धा आता झिजलाय, हे कुणीतरी बोललंच पाहिजे. शिवाय वारल्याला बांधलं ते लोखंडानं नव्हे. चोपडीतल्या अंगठ्यानं.

तिसरं चित्र एका पोरीनं पेन्सिलीनं काढलंय, घाईत. त्यात लग्नाचा चौक आहे आणि पालघट देवीच्या जागी सावकाराची चोपडी, तिच्यावर अंगठा. मी या चित्रावर थांबलो.

वारल्यांत चौक काढल्याशिवाय लग्न होत नाय. सुवासिनी तांदळाच्या पिठानं भिंतीवर काढतात, धवलेरी गाणी म्हणते. आणि याच लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले की नवराबायको त्याची गुलाम व्हायची. लग्नगडी म्हणायचे त्यांना. म्हंजे ज्या भिंतीवर चौक उमटला, त्याच घराचा अंगठा चोपडीत उमटला. पहिल्या चित्रानं वारली रेघ नुसती शोभेला घेतली. या पोरीनं ती रेघ सावकाराच्या वहीपर्यंत नेली. नाटकाचा पहिला प्रवेश हाच आहे, आणि तो दिग्दर्शकाच्या आधी तिला दिसला.

तरी तक्रार आहे. देवी काढून टाकायची गरज नव्हती. ती चोपडीशेजारी राहिली तरच पेच दिसतो. चौकाला चारी बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या असतात. त्यातली खालची पट्टी हळूहळू हिशोबाच्या ओळी होत जाऊ दे. आणि चौक ही लग्नाची वस्तू आहे. ती रस्त्यावर लावायची का, हे पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांना आधी विचारा. नाय म्हणाल्या तर नाय.

आता रंगाचं. कापड छापणाऱ्या खात्यात राबतो, म्हणून सांगतो: गेरूवर लाल मरतो. वीस पावलांवरून दिसतच नाय. या नाटकात दोन लाल आहेत, चोपडीच्या कापडाचा आणि बावट्याचा. दोन्ही एकाच लालनं छापा, म्हंजे एका रंगाच्या जाळीचा खर्चही वाचेल. पण जमीन गेरूची नको, सारवलेल्या शेणाची, करडी-हिरवट ठेवा. पांढरंही उठेल, लालही.

अक्षरांचं काय? कमल शेडगे नाटकाचं नाव असं काढायचे की नाटकाचा स्वभाव अक्षरातच कळायचा. इथं वारली माणसं वाकवून काना-मात्रा केल्यात. ज्यांचा वाकलेपणा संपला त्याचं हे नाटक, आणि नावासाठी त्यांनाच परत वाकवलं! साधी जाड अक्षरं काढा. प्रयोगाची जागा आणि वेळ एसटीतून वाचता आली पाहिजे.

खाली लेखक, दिग्दर्शक, प्रकाश, संगीत अशी सगळ्यांची नावं आहेत. चित्र कुणाचं, ते नाय. घरच्या भिंतीवर सुवासिनी सही करत नाय, कारण ती भिंत तिची असते. पोस्टर तिचं नसतं. त्या पोरीचं नाव घाला, चौक पक्का काढून देणाऱ्या बायांची नावं घाला, आणि खर्चाच्या कागदावर छपाईवाल्याच्या वर त्यांची मजुरी लिहा. वेठीवरचं नाटक आहे.