स्थान सांगण्याच्या दोन रीती : पातूरच्या निमित्ताने

जुने नगर तेथील रहिवाशाप्रमाणे पाहावे, असा उपदेश प्रवासविषयक लेखनात अलीकडे वारंवार आढळतो. प्रसिद्ध वास्तूंची यादी बाजूस ठेवावी, गल्लीबोळांतून हिंडावे, तेथील पदार्थ चाखावेत आणि भेटेल त्याच्याशी बोलावे, एवढाच त्याचा सामान्यतः अर्थ असतो. उपदेश सदिच्छेचा आहे. परंतु त्यात एक प्रश्न न सोडवताच टाकून दिलेला आहे. रहिवासी आपले गाव पाहत नाही. तो त्यात वावरतो आणि कोणी विचारल्यास ते सांगतो. त्याचे ज्ञान परक्यापर्यंत पोचते ते या सांगण्याच्या रूपाने. म्हणून रहिवाशाची दृष्टी हा अखेरीस गद्याचा, स्थान सांगण्याच्या रीतीचा प्रश्न ठरतो. मराठी अभ्यासकापुढे अशा दोन रीती आहेत: एक ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरची व दुसरी महानुभावांच्या स्थानपोथीची. या दोहोंचे बळ आणि उणेपणा तपासण्यास वऱ्हाडातील पातूर हे गाव विशेष सोयीचे आहे.

पातूर अकोल्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्याची काळी सपाटी पसरते. दक्षिणेकडे घाट चढून मेडशी व पुढे मालेगाव–वाशीमच्या पठारावर जावे लागते. वऱ्हाडचे पाइनघाट व बालाघाट हे जे जुने विभाग, त्यांच्या सीमेवरचे हे गाव होय. गावात शेख बाबू यांचा दर्गा आहे, सिदाजी महाराजांचे स्थान आहे, टेकडीवर रेणुकामातेचे मंदिर आहे आणि जवळच्या डोंगरात खोदलेली प्राचीन लेणी आहेत. इतकी सामग्री असूनही पातूर प्रसिद्ध नगरांत मोडत नाही. प्रसिद्धीचा थर नसल्यामुळेच वर्णनपद्धतींची परीक्षा येथे निर्वेधपणे करता येते.

प्रथम गॅझेटियरची रीत पाहावी. आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. अकोला जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर १९१० मध्ये आले. या दोहोंच्या दरम्यानच्या इंपीरियल गॅझेटियरात पातूरची नोंद विसाव्या खंडात आहे. तालुका, लोकसंख्या, दर्गा, लेणी, जत्रा असा तिचा अनुक्रम. शेख बाबू हे नाव ज्यांना लोकांनी दिले, ते शेख अब्दुल अझीझ १३७८ मध्ये पातुरास आले व अकरा वर्षांनी तेथेच निवर्तले, अशी परंपरा ती नोंदवते. १६०६-०७ मध्ये अब्दुर्रहीम खानखानान यांनी दर्ग्याच्या बांधकामात भर घातल्याचेही सांगते. अशी माहिती एरवी विखुरली असती. ती दोन परिच्छेदांत बांधून ठेवणे हा या रीतीचा गुण आहे व तो लहान नव्हे.

तथापि त्या खंडाची रचनाच तिची मर्यादा उघड करते. तो खंड पारडीपासून पुसदपर्यंतचा आहे. पुसद हे वऱ्हाडातलेच गाव. पण रोमन वर्णानुक्रमाच्या न्यायाने पातूर आणि पुसद यांच्यामध्ये पेशावर, पुणे, पंजाब आणि पुरी येऊन बसतात. कोशास हे अपरिहार्य आहे. चमत्कारिक गोष्ट अशी, की हाच न्याय नोंदीच्या आतही शिरतो. दर्गा एका वाक्यात, लेणी दुसऱ्या. दर्ग्यापासून लेण्यांकडे कसे जावे, वाटेत चढण लागते की उतार, टेकडीवरच्या देवीला गावाचा कोणता भाग दिसतो, हे नोंदीतून कळत नाही. वस्तू आहेत, त्यांना परस्परांशी जोडणारी जमीन नाही.

स्थानपोथीची प्रकृती याच्या नेमकी उलट आहे. चौदाव्या शतकातील हा ग्रंथ मुनिव्यासांच्या नावावर असून डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे तो अभ्यासकांस सुलभ झाला. श्रीचक्रधर ज्या ज्या गावी राहिले, बसले, जेवले, निजले, त्या त्या जागा मागाहून येणाऱ्या भक्तास नमस्काराकरिता सापडाव्यात, हा त्याचा हेतू. हेतू इतका व्यावहारिक असल्यामुळे त्याचे गद्यही व्यावहारिक झाले आहे. कोणते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, त्याच्या कोणत्या बाजूस मठ, मठापासून पुढे काय, अशा क्रमाने वर्णन चालते. विशेषणे जवळजवळ नाहीत. देऊळ सुंदर आहे की नाही याच्याशी लेखकास कर्तव्य नाही. ते कशाच्या पूर्वेस आहे एवढेच त्यास नेमके सांगावयाचे आहे. यादवकालीन गावांची रचना जाणण्यास पुरातत्त्वज्ञांनी या ग्रंथाचा आधार घ्यावा, हे त्यामुळे स्वाभाविक आहे.

याच परंपरेतील गोविंदप्रभूंचे चरित्र वाचताना ही रीत कथेतही कशी उतरते ते ध्यानात येते. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर, म्हणजे आजचे रिद्धपूर, ही गोविंदप्रभूंची भूमी. ते देवळात जातात, बाजारातून फिरतात, लोकांच्या घरांत शिरतात, पोरांत खेळतात; आणि या येण्याजाण्यातूनच वाचकापुढे गाव उभे राहते. गावाचे वर्णन करण्यासाठी असा एकही प्रसंग रचलेला नाही. वऱ्हाडातील एका गावाचे मराठीतील इतके जुने व इतके जिवंत चित्र चालणाऱ्याच्या पावलांबरोबर तयार झाले आहे, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

आता ही दुसरी रीत पातुरास लावून पाहावी. पहिला फरक पडतो तो आरंभस्थानात. गॅझेटियरचे पातूर जिल्ह्याच्या ठिकाणापासूनच्या अंतराने सुरू होते. स्थानपोथीच्या रीतीने सांगावयाचे तर ते घाटापासून सुरू करावे लागेल. घाटावरचा आणि घाटाखालचा हा भेद वऱ्हाडी बोलण्यात अद्याप जिवंत आहे. जमीन, पाणी, पीक आणि सोयरीक या सर्वांसंबंधी बोलताना तो वापरला जातो. अकोल्याहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग बार्शीटाकळीवरून गेला व पातूर त्याच्या बाहेर राहिले. त्यामुळे या गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध सडकेचा आणि घाटाचाच राहिला. हे ध्यानात न घेता दर्ग्याचे किंवा मंदिराचे वर्णन करणे म्हणजे उंबरठा न सांगता घर सांगणे होय.

दुसरा फरक नावाचा आहे. ऐन-इ-अकबरीत नरनाळा सरकारातील महालांमध्ये या गावाची नोंद 'पातूर शेख बाबू' अशी आहे. अकोला जिल्ह्यातच पातूर नंदापूर नावाचे दुसरे गाव असल्याने असा भेद करणे सोयीचे खरे. परंतु सोयीसाठी निवडलेली खूण कोणती, हे पाहण्याजोगे आहे. महसुलाची मोजदाद करणाऱ्या मोगल दफ्तरानेही गावाची ओळख साराधाऱ्यावरून वा किल्ल्यावरून न देता तेथे निजलेल्या साधुपुरुषावरून दिली. म्हणजे दफ्तरी नोंदीने येथे लोकांचे सांगणे उचलले. गॅझेटियर दर्ग्यास गावातील एक प्रेक्षणीय वस्तू समजते. जुन्या नावात मात्र गाव हेच दर्ग्याचे समजले गेले आहे. पुढे नावाचा उत्तरार्ध गळाला व सरकारी कागदांत नुसते पातूर उरले. या गळतीबरोबर गावाच्या रचनेविषयीचे एक विधानही गळाले, हे वर्णनकाराने विसरू नये.

तिसरा फरक काळाचा. कोशातील वास्तूला बांधणीचे वर्ष असते. रहिवाशाच्या सांगण्यात तिला वर्षातला दिवस असतो. दर्ग्याचा उरूस, सिदाजी महाराजांची यात्रा, देवीचे नवरात्र यांच्या योगाने त्याच वाटा निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या होतात. बाहेरून आलेला मनुष्य एका दुपारी तिन्ही ठिकाणे 'करून' जातो, तेव्हा त्यास जागा दिसतात, पण त्यांची पाळी दिसत नाही. रहिवाशाप्रमाणे नगर पाहण्याच्या उपदेशात नेमके हेच सुटते. रहिवाशाच्या ज्ञानाला कर्तव्य चिकटलेले असते: कोठे पादत्राणे काढावी, कोणत्या वेळी जाऊ नये, कोणास विचारून आत पाऊल टाकावे. त्यातून कर्तव्य वजा केले, की उरते ती चव आणि गल्ली. आणि तेवढ्याला स्थानिक दृष्टी म्हणणे हा शब्दाचा सैल वापर आहे.

येथपर्यंतच्या विवेचनावरून स्थानपोथीची रीत निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. तिचा दोष तिच्या गुणाइतकाच मूलभूत आहे. ज्या जागेस श्रीचक्रधरांचा संबंध नाही, ती जागा स्थानपोथीला मुळी नाहीच. असलीच तर दिशा दाखवण्यापुरती. भक्ताचा नकाशा उपयोगाचा असतो आणि उपयोगाबाहेरचे तो निर्वैरपणे पुसून टाकतो. गावकऱ्याचा नकाशाही याच जातीचा. पातूरची लेणी हे याचे उदाहरण म्हणून विचारात घेण्यासारखे आहे. दर्गा, यात्रा व देवी यांना अखंड परंपरेचा आधार आहे. लेणी खोदणाऱ्यांची परंपरा गावात खंडित झाली. केवळ रहिवाशाच्या सांगण्यावर भिस्त ठेवली असती, तर त्यांचे वय व प्रयोजन विचारणारे कोणी उरले नसते. तो प्रश्न जिवंत ठेवला तो कोशकारांनी आणि पुरातत्त्व खात्याने. वापर संपलेल्या वस्तूची आठवण राखणे हे कोशाचे खरे कार्य आहे आणि तेथे स्थानिक दृष्टी त्याची जागा घेऊ शकत नाही.

शिवाय स्थानिक दृष्टी स्थिर नसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात लेण्यांकडे पाहणारा एक नवा समाज उभा राहिला. ज्या गुंफांना गावे पांडवांची किंवा राक्षसांची म्हणत, त्यांच्याशी त्याने आपल्या इतिहासाचे नाते सांगितले. दगड तेच, रहिवासीही बहुधा तेच, सांगणे बदलले. याचाच अर्थ 'रहिवासी' हा शब्द एकवचनी वापरणे धोक्याचे आहे. उरुसाला येणारा, यात्रेतला वारकरी, बाजाराला घाट उतरून येणारा शेतकरी आणि पाण्याच्या वाटेने गाव ओळखणारी स्त्री यांची पातुरे एकमेकांवर पूर्णपणे बसत नाहीत. गॅझेटियर या सर्वांस वगळते. स्थानपोथी यांतील एकाचीच निवड करते.

यावर उपाय महानुभाव वाङ्मयातच सापडण्याजोगा आहे. लीळाचरित्रात एखाद्या प्रसंगासंबंधी सांगणाऱ्यांत मतभेद असला, तर तो मोडून न काढता कोणाचे सांगणे काय, ते वेगवेगळे नोंदवण्याची प्रथा आहे. स्मृतीवर उभ्या असलेल्या वाङ्मयाने पाळलेली ही शिस्त स्थानवर्णनासही लावता येईल. पातूरसारख्या गावाचे वर्णन लिहिताना दिशा व चढउतार स्थानपोथीच्या काटेकोरपणे सांगावेत, सनावळी कोशाच्या सावधपणे द्यावी, आणि प्रत्येक विधानापाशी ते कोणाचे सांगणे आहे हे नोंदवावे. यादव माधव काळे यांनी १९२४ च्या 'वऱ्हाडचा इतिहास' या ग्रंथात प्रांताची राजकीय कथा प्रांतातल्याच मनुष्याने लिहिण्याचा पायंडा पाडला. गावांची कथा त्या रीतीने लिहिली जाणे अद्याप पुष्कळसे बाकी आहे.

हे काम निकडीचेही आहे. अकोल्याहून वाशीमकडे जाणारी सडक आता राष्ट्रीय महामार्ग १६१ म्हणून ओळखली जाते. वाहनातल्या मनुष्यास घाट काही मिनिटांत संपतो. चढण पायांना किंवा बैलांना जाणवेनाशी झाली, की घाटावर आणि घाटाखाली हे शब्द अर्थाने क्षीण होऊ लागतात. दर्गा, मंदिर आणि लेणी उभी राहतील. त्यांची वर्षे व मोजमापे कोशांत शाबूत राहतील. मात्र कोणती जागा कोणाच्या पूर्वेस, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या लेखी, हे सांगू शकणारी माणसे एका पिढीत कमी होतात. सातशे वर्षांपूर्वी मराठी गद्याने हीच भीती ओळखून स्थाने लिहून ठेवली. त्या गद्याचा अभ्यास केवळ भाषिक रूपांपुरता मर्यादित ठेवणे आणि त्याची रीत मात्र न उचलणे, ही मराठी विभागांची उणीव आहे. आणि ती भरून काढण्याचा आरंभ घाटाखालच्या एखाद्या गावापासून करण्यास कोणतीच अडचण नाही.